पंचफुलामावशींचा कान

माणसं भेटली की नमस्कार करतात, पावसापाण्याचं विचारतात. पंचफुलामावशी पोटाला कान लावतात.

हे मी अलंकारिक बोलत नाही. मी हायस्कुलात मराठी शिकवतो. अलंकार कुठे आहे आणि कुठे नाही, एवढं मला कळतं. मावशी खरोखर वाकतात, डोक्यावरचा पदर कानामागे सारतात आणि समोरच्याच्या पोटाला, सदऱ्यावरूनच, उजवा कान चिकटवतात. डोळे मिटतात. एका हाताने आजूबाजूच्यांना गप्प बसायची खूण करतात. मग मान वर करून निकाल देतात. "चालू हाये." किंवा, "आळशी झालं." किंवा नुसतंच, "हं." हा "हं" ज्याला मिळतो तो पुढचे दोन दिवस धास्तावलेला असतो.

वाशिमजवळच्या मालेगावात आमच्या घराला लागून त्यांचं घर आहे. मधे छातीएवढी भिंत. तीसेक वर्षं त्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशनच्या वॉर्डात आया होत्या. आता निवृत्त आहेत. मुलगी पुण्याला असते. नवरा कधीच गेला. समोरच्या खोलीत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली त्याचा एक लहानसा फोटो आहे, त्यात तो फेटा बांधून कुणाच्या तरी लग्नात हसतो आहे. घरात मावशी एकट्याच. पण त्यांचा आवाज ऐकणाऱ्याला घरात किमान सात माणसं असावीत असं वाटतं.

रोज सकाळी भिंतीपलीकडून तो आवाज येतो.

"जयभीम मास्तर!"

"जयभीम मावशी."

"झालं का?"

हा प्रश्न चहाबद्दल नसतो. गल्लीतून दूधवाला जात असतो, समोरच्या ओट्यावर दोन बायका तांदूळ निवडत असतात, माझी एखादी विद्यार्थिनी सायकलवरून "गुड मॉर्निंग सर" म्हणत असते. मी हळूच "हो" म्हणतो.

"हो म्हंजे कसं? साफ का अर्धंमुर्धं?"

एकदा मी धीर करून त्यांना सांगितलं, "मावशी, अशा गोष्टींसाठी मराठीत सौम्य शब्द आहेत. शौच, मलविसर्जन, वायू सरणे..."

मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "वायू सरन्याले टाइम लागत असन मंग. आमच्या वॉर्डात पादत होते लोकं, अन दुसऱ्या दिवशी घरी जात होते."

या नादाचं मूळ त्यांनीच मला एकदा सांगितलं. नोकरीला नवीन असताना एका ऑपरेशनच्या वेळी त्या थिएटरच्या दारात ट्रे घेऊन उभ्या होत्या. पोट उघडलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, "बाई, घाबरू नको, इकडे ये, बघ." मावशींनी पाहिलं. ओलं, गुलाबी आतडं समोर पडलं होतं आणि ते आपलं आपण हलत होतं.

"गांडूळ चालते का नाई, तसं," मावशी सांगत होत्या. "मांगून दाबते, समोर ढिल्लं होते. मंग थोडं सरकून पुना मांगून दाबते, पुना समोर ढिल्लं. मानूस तं बेहोश पडला होता, मास्तर. त्याले सोताचं नाव मालूम नवतं. पन थे आपलं काम करून राह्यलं होतं! आपुन झोपतो, भांडतो, मयतीले जातो. थे थांबत नाई. कोनी त्याले शाबास म्हनते का कधी?"

त्या दिवसापासून त्यांनी आतड्याला शाबास म्हणायचा वसा घेतला. "मांगून दाब, समोर वाट" हे त्यांचं वाक्य, आणि ते कुठेही लागू होतं. एकदा वाशिमच्या बसला आम्ही सोबत होतो. दारात माणसं तुंबलेली, आत अर्धी बस रिकामी, कंडक्टर ओरडून ओरडून थकलेला. मावशी पायरीवर उभ्या राहून गरजल्या, "मांगचे दाबा! समोरचे ढिल्ले व्हा! सगये एकदम दाबान तं उलटी होईन!" आश्चर्य म्हणजे माणसं सरकली. कंडक्टरने त्यांना आपल्या शेजारी बसायला जागा दिली. मावशींनी त्याच्याही पोटाला कान लावला.

पुण्याला नात झाली तेव्हा व्हिडिओ कॉलवर त्यांनी तिचा चेहरा अर्धा मिनिट पाहिला असेल. मग म्हणाल्या, "आता फोन तिच्या पोटाले लाव." पुढची पाच मिनिटं मावशी काळ्या पडद्याला कान लावून बसल्या होत्या. जावई बिचारा पुण्यात बाळाच्या पोटावर फोन धरून उभा. "चालू हाये," मावशींनी जाहीर केलं, आणि मग कुठे बाळाचं नाव काय ठेवलं ते विचारलं.

आणखी एक सांगतो, म्हणजे माणूस पुरता कळेल. आमच्या कॉलनीत योगाचं शिबिर झालं. शिकवायला आलेले गृहस्थ म्हणाले, "जेवताना ताठ बसावे, म्हणजे अन्न सरळ खाली उतरते." मावशी पहिल्या रांगेत होत्या. उठल्या.

"काहून? आडवं झालं तं थे वरत येते का?"

"तसं नाही, आजी, पण शेवटी वजनानेच..."

"वजनानं नाई उतरत. दाबानं उतरते." एवढं म्हणून मावशींनी साडीचा काष्टा घट्ट खोचला, शेजारच्या घरातली बाज मागवली, तिच्यावर उताण्या पडून डोकं कडेवरून खाली सोडलं, आणि उलट्या लोंबत्या डोक्याने एक अख्खं केळं चावून चावून गिळलं. आम्ही तीस माणसं श्वास रोखून पाहत होतो. घास गळ्यातून वर, म्हणजे पोटाकडे, चढताना स्पष्ट दिसत होता. माझी बायको सुषमा "मावशी, ठसका लागेल!" म्हणून ओरडत होती. केळं संपल्यावर मावशी उठून बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "खालते उतरलं नाई. चढलं. पन पोचलं." योगवाले गृहस्थ दुसऱ्या दिवशी जेवणावर काही बोलले नाहीत.

असं हसत-खेळत चाललं होतं. गेल्या वर्षी सोयाबीन निघायच्या दिवसांत माझ्यावर वेळ आली.

शनिवारी आम्ही अनसिंगला साडूच्या शेतात रोडग्यांच्या जेवणाला गेलो होतो. शेणींच्या विस्तवात भाजलेले रोडगे, वर तूप, वांग्याची भाजी. मी चार खाल्ले. संध्याकाळपासून पोटात कळा सुरू झाल्या. कळ यायची, मुरडायची, जायची. मी ओवा खाल्ला आणि दोष रोडग्यांना दिला.

रविवारी सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला. "झालं का?"

काहीच झालेलं नव्हतं. वारासुद्धा नाही. पण समोरच्या ओट्यावर त्या दोन बायका होत्या, आणि माझ्या मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांपैकी एक जण अंगणात बसला होता. मी म्हणालो, "झालं."

दुपारी मावशी कढीपत्ता मागायला आल्या. मी खुर्चीत वाकून बसलो होतो. दारातूनच त्या थबकल्या. "मास्तर, तुमचं पोट कोनाशी तरी भांडून राह्यलं. मले इथून आयकू येते." मी हसून वेळ मारून नेली.

सोमवारी सकाळी मला हिरवी उलटी झाली. पोट नगाऱ्यासारखं ताणलं होतं. सुषमा लिंबूसोडा घेऊन उभी होती. ओकण्याचा आवाज ऐकून मावशी भिंतीला वळसा न घालता, थेट भिंतीवरूनच उतरल्या. वय पासष्टच्या पुढे. आल्या, त्यांनी सुषमाच्या हातातला पेला काढून घेतला, मला आडवं केलं आणि पोटाला कान लावला.

या वेळी त्या फार वेळ तशाच राहिल्या. इकडे लावला, तिकडे लावला, बेंबीखाली लावला. मला त्यांचे पांढरे केस आणि कानातली छोटी सोन्याची फुलं दिसत होती. मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा वेगळाच होता.

"काल वरडत होतं. आज मुकं हाये."

"बरंच झालं ना," मी म्हणालो. "शांत झालं."

"शांत नाई झालं, लेका. हारलं." मावशी पहिल्यांदाच मला एकेरी बोलत होत्या. "कधीपासून नाई झालं तुले? खरं सांग."

"शनिवारपासून."

"अन मले झालं म्हनून सांगतलं?"

"मले लाज वाटली, मावशी." वीस वर्षं जपलेली माझी प्रमाण मराठी त्या क्षणी कुठे गेली कोण जाणे.

"लाज वाशिमच्या रस्त्यानं वाटू दे. ऊठ. सुषमा, पान्याचा थेंब द्याचा नाई याले."

कोपऱ्यावरच्या मळणीयंत्रवाल्याची जीप होती. मावशींनी त्याला अर्ध्या आंघोळीतून बाहेर काढला. वाशिमपर्यंतचा रस्ता मला खड्ड्याखड्ड्याने आठवतो. मावशी मागे माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि ड्रायव्हरला एका दमात "लवकर चाल" आणि "हळू चाल" असं दोन्ही सांगत होत्या.

दवाखान्यात एक्स-रे झाला आणि दुपारच्या आत ऑपरेशन. लहानपणी माझं अपेंडिक्स काढलं होतं. त्या जखमेतून आत एक चिवट पट्टा तयार झाला होता आणि आतड्याचा वेढा त्याच्यात अडकून पिळला गेला होता. रोडगे निर्दोष होते. डॉक्टर तरुण होते. बाहेर येऊन सुषमाला म्हणाले, "पीळ सोडवला. आतडं काळपट झालं होतं, पण रंग परत आला. संध्याकाळपर्यंत थांबला असता तर कापावं लागलं असतं. कुणी ओळखलं?"

सुषमाने मावशींकडे बोट दाखवलं.

"कशावरून ओळखलं, आजी?"

"पोट बोलत नवतं," मावशी म्हणाल्या. डॉक्टरांनी हात जोडले.

पुढे सुरू झालं वाट पाहणं. नाकात नळी, हाताला सलाईन, आणि तोंडात थेंब नाही. वॉर्डात एका रुग्णाजवळ एकच नातेवाईक असा नियम होता. सिस्टरने मावशींना हटकलं. मावशी म्हणाल्या, "मी कुठं नातेवाईक हावो?" आणि माझ्या कॉटशेजारी चटई पसरली. सिस्टर पुढच्या कॉटकडे वळली.

दुसऱ्या दिवशी तहानेने माझी जीभ टाळूला चिकटली होती. "मावशी, एक घोट. फक्त एक घोट पाणी."

माझ्या पायजम्याचा नाडा निघून आला होता, तो ओवायला मावशींनी हातात घेतला. बांगडीला लावलेली पिन काढून नाड्याच्या टोकाला टोचली आणि नेफ्यात घातली.

"हे पाह्य. पिन सोताहून जाते का? नाई. मी मांगून कपडा गोया करतो, पिन समोर ढकलतो, मंग समोरचा कपडा ताणून वाट करून देतो. मंग पुना. असं करत करत थे पूरा गोल फिरून इकून निंघते. तुया पोटात असंच चालते, वीस-पंचवीस फूट. आता समज, माया हाताले लकवा मारला. अन तू वरून पिना टाकतच राह्यला. काय होईन?"

"तुंबेल."

"मंग थांब. डॉक्टरनं आतडीले हात लावला, तं ती रुसून बसली. तिले कोनाचा हुकूम चालत नाई. तिचं मन होईन तवा चालन."

तोवर मावशींनी तिचं मन वळवायला घेतलं. मला सलाईनच्या स्टॅंडसकट वॉर्डात चालवलं; एका बाजूने सुषमा, दुसऱ्या बाजूने मावशी, आणि मधे मी, नळी लोंबणारा मराठीचा शिक्षक. डॉक्टरांना विचारून च्युइंगगम आणलं. "चघय. गियाचं नाई. आतडीले वाट्टे वरून जेवन येऊन राह्यलं. थोडं फसवा लागते तिले." दर तासाने कान. दर तासाने "नाई अजून."

तिसरा दिवस तसाच गेला. पोट पुन्हा ताणायला लागलं. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत बघू, नाहीतर परत तपासण्या कराव्या लागतील, कदाचित पुन्हा उघडावं लागेल. सुषमा बाहेर जाऊन रडून आली. तोंड धुऊन आली तरी मला कळलं. मला मुलीचं लग्न दिसायला लागलं, माझ्याशिवायचं. मावशी माझ्या तळपायांना हाताने चोळत बसून राहिल्या.

चौथ्या दिवशी सकाळी अकराला आमचे मुख्याध्यापक तीन शिक्षिकांना घेऊन भेटायला आले. हातात फळांची करंडी. मुख्याध्यापकांना भाषणाशिवाय बोलता येत नाही. कॉटच्या पायथ्याशी उभे राहून त्यांनी सुरुवात केली, "सर्व शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारीवृंदाच्या वतीने, सर, मी आपणांस..."

आणि तेव्हा ते झालं.

ते लांब होतं, खणखणीत होतं, आणि त्याला आरोह-अवरोह होता. करंडीतली सफरचंदं स्तब्ध झाली. एका शिक्षिकेने खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं पाहिलं.

"पादले!" मावशी चटईवरून उडाल्या. "सुषमा! मास्तर पादले! सिस्टर, वो सिस्टर, सात नंबर पादले!"

पलीकडच्या कॉटवर शिरपूरचे एक म्हातारे बाबा होते. त्यांचंही ऑपरेशन झालेलं, तेही याच वाटेकडे डोळे लावून होते. त्यांनी माझ्या दिशेने हात जोडले. त्यांच्या सुनेने टाळी वाजवली. दारात झाडणाऱ्या बाईने झाडू खाली ठेवून विचारलं, "कोन, थे मराठीवाले सर?" सुषमा हसत होती आणि डोळे पुसत होती. मुख्याध्यापक गोंधळून इकडे तिकडे पाहत होते. शेवटी त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "अभिनंदन, सर."

मी आयुष्यात बरेच सत्कार पाहिले आहेत. इतका मनापासूनचा एकही नाही.

डॉक्टर आले, त्यांनी स्टेथोस्कोपने ऐकलं, मावशींनी आपल्या कानाने ऐकलं, आणि दोघांचं एकमत झालं. दुपारी नाकातली नळी निघाली. आधी पाणी, मग दोन चमचे कोरा चहा. पहिला चमचा मावशींनी भरवला. थोडा चहा माझ्या हनुवटीवर सांडला. त्यांनी माझ्या गळ्यावर एक बोट ठेवलं आणि घोट खाली उतरेपर्यंत तसंच धरून ठेवलं.

मग त्या खाली चटईवर बसल्या, पिशवीतून डबा काढला, भाकरी काढली, आणि जेवायला लागल्या. जेवायला लागल्या म्हणजे काय, तुटून पडल्या. भाकरीचे मोठे मोठे घास, भाजीत न बुडवताच.

"सोमवारपासून नुसत्या चहावर आहेत," सुषमा माझ्या कानाशी म्हणाली. "रोज डबा आणला, रोज तसाच परत नेला. किती सांगितलं मी."

"मावशी," मी म्हणालो, "तुम्ही काहून नाही जेवल्या?"

मावशींचा घास हातातच राहिला.

"आमच्या मालकाचं असंच झालं होतं," त्या म्हणाल्या. "मी ज्या वॉर्डात ड्यूटी करू, तिथंच होता. आनला तवाच पोटात पू पसरला होता. डॉक्टरनं लय केलं बिचाऱ्यानं. चवथ्या दिवशी सकायी मले म्हने, भूक लागली व. मी म्हनलं, थांब, पोट बोलू दे. नेम होता, अन नेम बरोबरच होता. दुपारी मी मांगच्या खोलीत जाऊन भाकर खाल्ली. ड्यूटीवर उभं राहाचं तं खाच लागते. वापस आली तं त्याले माया हाताचा वास आला. म्हने, ठेचा होता का व आज? मी म्हनलं, हाव. म्हने, कसा झाला? मी म्हनलं, मस्त झाला."

"मंग?" सुषमाने विचारलं.

"मंग दिवस बुडता बुडता गेला. मी कान लावूनच बसली होती." मावशींनी हातातला घास भाजीला लावला. "तवापासून कोनी असं उपाशी असलं का मायं जेवन सरकत नाई. घास तोंडात फिरत राह्यते. उतरतच नाई. मी कई वेळा करून पायलं."

एवढं बोलून त्यांनी तो घास खाल्ला. मग आणखी एक. शब्दांचा धंदा करतो मी, आणि तोंडातून एवढंच निघालं, "सावकाश, मावशी."

सुषमा उठली आणि खाली त्यांच्याशेजारी जाऊन बसली. आपल्या डब्यातली भाकरी मोडून तिने अर्धी मावशींपुढे ठेवली. दोघी न बोलता जेवल्या. सगळं संपल्यावर मावशींनी डब्याच्या झाकणात पाणी घेऊन हात धुतले, चटईवर कलंडल्या आणि भर दुपारी, वॉर्डातल्या त्या सगळ्या गलबल्यात, गाढ झोपल्या. चार दिवसांत पहिल्यांदा. झोपेत त्यांचं तोंड किंचित उघडं होतं आणि पाय फरशीवर उघडे पडले होते.

मी माझ्या अंगावरची चादर ओढून सुषमाच्या हातात दिली.

"तुम्हाला थंडी वाजेल," ती म्हणाली.

"वाजू दे," मी म्हणालो. "त्यांच्या पायांवर घाल."